'५०० ग्रॅम' आणि '२ कप' यांच्यामधला एक शब्द

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकतीच स्ट्रॉबेरीच्या जॅमची कृती प्रसिद्ध झाली. साहित्याच्या पहिल्याच ओळीत 'ताजी स्ट्रॉबेरी ५०० ग्रॅम (२ कप)' असे छापले होते, त्याखाली 'साखर ४०० ग्रॅम' होती आणि कप २५० मिलिलिटरचा धरावा, अशी टीपही यादीच्या शेवटी दिली होती. ही टीप देण्याची तसदी फार थोडे लेखक घेतात, त्यामुळे कृतीवर माझा विश्वास बसला. माझ्याकडे मापाचा कप आहे आणि वजनाचा काटाही आहे. मी देठ काढलेल्या अख्ख्या स्ट्रॉबेरींनी कप काठोकाठ भरला, तो दोनदा काट्यावरच्या पातेल्यात रिकामा केला आणि आकडा पाहिला. तो ३०० ग्रॅमच्या जेमतेम पुढे गेला होता. कृतीत लिहिलेल्या ५०० ग्रॅमपैकी सुमारे २०० ग्रॅम फळ बेपत्ता होते.

हा आकडा कसा आला असावा, हे ओळखायला फार डोके लागत नाही. एक मिलिलिटर पाण्याचे वजन एक ग्रॅम असते, म्हणून २५० मिलिलिटरच्या कपात २५० ग्रॅम मावतात असे धरून ५०० ला २५० ने भागले गेले. पाणी, दूध, फळांचा रस यांच्या बाबतीत या भागाकाराने फारसे बिघडत नाही. ताज्या फळाच्या बाबतीत मात्र कपात फळाबरोबर हवाही मोजली जाते आणि ती किती मोजली गेली, हे फळ कोणत्या रूपात आहे त्यावर ठरते. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या अन्नघटक तक्त्यांमध्ये एकाच स्ट्रॉबेरीसाठी कपाची चार वेगवेगळी वजने दिलेली आहेत. अख्खी फळे १४४ ग्रॅम, अर्धी केलेली १५२, चकत्या केलेली १६६ आणि वाटून गर केलेली २३२. हा अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा असल्याने आपल्या पुरवणीतील २५० मिलिलिटरच्या कपाला हेच आकडे अनुक्रमे सुमारे १५२, १६१, १७५ आणि २४५ ग्रॅम होतात. म्हणजे ५०० ग्रॅम अख्खी स्ट्रॉबेरी घ्यायची तर सव्वातीन कपांहून थोडी जास्त लागते, चकत्या पावणेतीन कपांच्या थोड्या पुढे जातात आणि गर बरोबर दोन कप भरतो. गंमत अशी की छापलेला आकडा खोटा नव्हताच. तो गराचा होता, आणि 'गर' हा शब्द छापायचा राहिला होता.

आता कोणी म्हणेल, थोडी फळे कमी पडली तर काय मोठे बिघडले? फ्रूट सॅलडमध्ये खरोखरच काही बिघडत नाही. जॅममध्ये बिघडते आणि ते कसे, हे मांडून दाखवता येते. जॅम नीट जमतो तेव्हा त्यात विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, साधारण ६५ टक्के असतात आणि उरलेले पाणी असते. स्ट्रॉबेरीत ९१ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. ५०० ग्रॅम फळ आणि ४०० ग्रॅम साखर घेतली, तर त्या अवस्थेला पोहोचण्यासाठी सुमारे २२० ग्रॅम पाणी उकळून उडवावे लागते. फळ ३०० ग्रॅमच असेल आणि साखर तेवढीच असेल, तर उडवायचे पाणी जेमतेम ५० ग्रॅम उरते. कृतीत दिलेल्या वेळेपर्यंत हे दुसरे मिश्रण आचेवर ठेवले की ते जॅमची अवस्था ओलांडून पाकाकडे जाते, थंड झाल्यावर चमचा रुतत नाही इतके घट्ट होते आणि पुढे त्यात साखरेचे खडे धरण्याचीही शक्यता असते. शिवाय जॅमला बांधून ठेवणारे पेक्टिन आणि आम्ल हे दोन्ही फळातूनच यायचे असतात, तेही त्याच प्रमाणात घटलेले असतात. माझ्या बाबतीत काटा हाताशी होता म्हणून एवढे टळले. केवळ कपावर विसंबलेल्या वाचकांना आपलेच काही तरी चुकले, असे वाटले असणार, आणि मला सर्वांत जास्त खटकले ते हेच.

कपात हवा किती असते, याची कल्पना यावी म्हणून एक साधा प्रयोग सुचवते. मापाचा कप द्राक्षांनी काठापर्यंत भरावा आणि दुसऱ्या मापाच्या भांड्यातून त्यात सावकाश पाणी ओतावे. कप भरलेला दिसत असूनही त्यात आणखी सुमारे ८० ते १०० मिलिलिटर पाणी मावते. हे पाणी ज्या जागेत गेले, ती जागा आपण आतापर्यंत फळ म्हणून मोजत होतो. सारख्या आकाराचे गोल कितीही शिस्तीने रचले तरी जागेचा सुमारे ७४ टक्क्यांहून जास्त भाग व्यापू शकत नाहीत, असे खगोलशास्त्रज्ञ योहान्स केप्लर यांनी १६११ मध्ये म्हटले होते आणि त्याची सिद्धता गणितज्ञ टॉमस हेल्स यांनी मांडायला १९९८ साल उजाडावे लागले. स्वयंपाकघरात कोणी द्राक्षे अशी रचत बसत नाही, ती कपात ओतली जातात, आणि ओतलेले गोल हलवून बसवले तरी सुमारे ६४ टक्क्यांवर अडतात. वर उल्लेखलेल्या तक्त्यांत एक कप द्राक्षांचे वजन १५१ ग्रॅम आणि एक कप ब्लूबेरींचे १४८ ग्रॅम आहे. हे २३७ ने भागले तर उत्तर ०.६३ च्या आगेमागे येते. फळाची स्वतःची घनता पाण्याच्या जवळपास असल्याने गणितातले गोल आणि ताटातली द्राक्षे येथे एकमेकांच्या अगदी जवळ येतात. मला स्वतःला हा मेळ पाहून जो आनंद झाला, तो जॅम जमल्याच्या आनंदाहून कमी नव्हता.

पण सगळी फळे इतकी सरळ वागत नाहीत. सफरचंद पाण्यात टाकले तर तरंगते, कारण त्याच्या आकारमानाचा पाचवा ते चौथा हिस्सा पेशींच्या मधल्या हवेने व्यापलेला असतो. त्यामुळे सफरचंदाच्या कपात हवा दोन ठिकाणी बसलेली असते, फोडींच्या मध्ये आणि फोडींच्या आतही. तक्त्यात चिरलेल्या सफरचंदाचा कप १२५ ग्रॅमचा आहे, तर काप केलेल्या सफरचंदाचा त्याहून हलका, १०९ ग्रॅमचा. बारीक केले की कपात जास्त मावते, हा आपला समज येथे उलटा पडतो, कारण पातळ, ताठ काप एकमेकांना टेकून तिरपे उभे राहतात आणि त्यांच्या आडोशाला मोठ्या पोकळ्या राहतात. स्ट्रॉबेरीच्या चकत्या मऊ असल्याने वाकून एकमेकींवर बसतात, म्हणून तिथे काप केल्यावर कप जड होतो. रासबेरी तर मुळातच आतून पोकळ असते, तिचा कप १२३ ग्रॅमवरच थांबतो. आंब्याच्या आणि अननसाच्या फोडी १६५ ग्रॅमपर्यंत जातात, किवीचे काप १८० पर्यंत. अशा परिस्थितीत 'एक कप फळ म्हणजे अमुक ग्रॅम' असे एकच सूत्र छापणे म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचे कपडे शिवण्यासारखे आहे.

भरण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. पिकलेले फळ हलक्या हाताने दाबले तरी फोडी बसतात, रस सुटून पोकळ्या भरतात आणि कपाचे वजन वाढते. कप ओट्यावर दोनदा आपटला तरी तेच होते. कोणी काठाशी सपाट करतो, कोणी शिगोशीग भरतो, आणि मोठ्या फोडींचा कप सपाट करायचा तरी कसा, हा प्रश्न राहतोच. फोडी कपाच्या मानाने मोठ्या असतील तर कडेला लागून मोठ्या फटी राहतात. म्हणूनच पाव कपाचे माप चार वेळा भरून घेतलेली फळे आणि एक कपाचे माप एकदा भरून घेतलेली फळे वजनाला सारखी निघत नाहीत. पिठाच्या किंवा साखरेच्या बाबतीत कडेच्या फटींची ही अडचण जवळजवळ जाणवत नाही, कारण त्यांचे कण कपाच्या तुलनेत नगण्य असतात.

यात आपल्या भाषेतील शब्दक्रमाचाही एक पेच आहे आणि कृती लिहिणाऱ्यांनी व संपादन करणाऱ्यांनी त्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे, असे मला वाटते. 'एक कप चिरलेली स्ट्रॉबेरी' म्हटले की आधी चिरायचे आणि मग मोजायचे, असा अर्थ होतो. 'एक कप स्ट्रॉबेरी, चिरून' म्हटले की आधी अख्खी फळे मोजायची आणि मग चिरायची. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, दोन्ही आपण सहज लिहून जातो, पण वरच्या आकड्यांप्रमाणे त्यांच्यात अमेरिकी कपामागे २२ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ १५ टक्क्यांचा फरक आहे. 'एक कप स्ट्रॉबेरी (चिरलेली)' असे कंसात लिहिले, तर वाचणाऱ्याने कोणता अर्थ घ्यावा हे कोणालाच सांगता यायचे नाही. वजन लिहिले असते तर हा सगळा वाद उद्भवलाच नसता, कारण १५० ग्रॅम स्ट्रॉबेरी चिरल्यावरही १५० ग्रॅमच भरते.

कप कोणता, हा प्रश्न आपण टीप देऊन सोडवला होता, त्याबद्दल आभार. अनेक ठिकाणी तो सोडवलेला नसतो. अमेरिकी कृतींतील कप सुमारे २३७ मिलिलिटरचा असतो, तिथल्याच खाद्यपदार्थांच्या लेबलांवर तो २४० धरतात, मेट्रिक कप २५० चा, जपानी कृतींतील कप २०० चा आणि जुन्या ब्रिटिश मापाचा कप अर्ध्या पिंटाचा, म्हणजे सुमारे २८४ मिलिलिटरचा. परदेशी कृती मराठीत आणताना 'कप' हा शब्द जसाच्या तसा येतो, त्याच्या आतले माप मात्र वाटेत गळून पडते.

दुसरी गळती सालीची आणि कोयीची. '५०० ग्रॅम केळी' असे लिहिले असेल तर ते सालासकट की सोलून? केळ्याच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग सालीचा असतो. सालासकट ५०० ग्रॅम केळी आणली, तर हातात सुमारे ३२० ग्रॅम गर येतो आणि कुस्करल्यावर तो २५० मिलिलिटरच्या कपाने एक कप आणि वर एक तृतीयांश कप भरतो. सोललेली ५०० ग्रॅम केळी कुस्करली, तर तीच दोन कपांच्या थोडी वर जातात. केकच्या मिश्रणात एवढा फरक पडला तर मधला भाग भाजूनही ओलाच राहतो, आणि दोष ओव्हनला दिला जातो. अननसाच्या बाबतीत फरक याहूनही मोठा असतो, तिथे साल, डोळे, शेंडा आणि मधला कडक दांडा काढल्यावर साधारण निम्मेच वजन उरते. म्हणून वजन लिहायचे तर ते निवडून, सोलून, बी काढून उरलेल्या फळाचे लिहावे, किंवा ते बाजारातून आणलेल्या फळाचे आहे असे स्पष्ट सांगावे.

फळाला साखर लावून ठेवली असेल, किंवा गोठवलेले फळ वितळवून घ्यायचे असेल, तर कपाने मोजणे पूर्णपणे सोडावे. दोन्ही प्रसंगी फळ आपले पाणी सोडून बसते आणि कपातली पातळी खाली जाते. सुटलेला रस टाकून दिला नाही, तर वजन मात्र तेच राहते.

चुकीच्या रूपांतराइतकेच मला फाजील अचूक रूपांतरही खटकते. ग्रॅमचा आकडा यंत्रात घातला की '३.२९ कप' असे उत्तर बाहेर पडते आणि ते तसेच छापले जाते. ज्या मापात कप आपटल्याने कितीतरी ग्रॅमचा फरक पडतो, त्या मापात दशांश चिन्हापुढचे दोन अंक लिहिण्याला काही अर्थ नाही. 'सुमारे सव्वातीन कप' हे लिहिणेच येथे जास्त प्रामाणिक आहे. 'सव्वा', 'दीड', 'पावणेतीन' असे नेमक्या आकाराचे शब्द आपल्या भाषेत असताना कपाला दशांशाची गरजही नाही.

या साऱ्यावरून मी कपाच्या विरोधात आहे, असा समज होऊ नये. द्रव पदार्थांना कप उत्तम आहे. दोन-तीन ग्रॅम मीठ किंवा बेकिंग पावडर मोजताना घरगुती काट्यापेक्षा चमचा अधिक भरवशाचा ठरतो. काटा प्रत्येकाकडे नसतो, आणि असला तरी त्याची बॅटरी नेमकी फळे चिरून झाल्यावर संपते, असा माझा अनुभव आहे. वरून पसरायची फळे, स्मूदीत घालायची फळे, वाडग्यात घ्यायची फळे यांना कपच काय, मूठही पुरते. काटेकोरपणा हवा तो जॅम, जेली, केक, फळांचा 'पाय' (pie) अशा ठिकाणी, जिथे फळातले पाणी, साखर आणि आम्ल यांचे एकमेकांशी ठरलेले नाते असते.

काटा नसलेल्या वाचकांसाठी दोन उपाय आहेत आणि ते कृतीच्या शेजारी लहान चौकटीत छापता येतील. पहिला अगदी सोपा आहे. फळ विकत घेताना त्याचे वजन झालेलेच असते, किंवा वेष्टनावर निव्वळ वजन छापलेले असते. अशी माहीत असलेल्या वजनाची फळे घरी आणल्यावर आपल्या कपाने, आपल्या पद्धतीने भरून मोजावीत आणि किती कप झाले ते लिहून ठेवावे. असे तीनदा केले की आपल्या हाताचा, आपल्या कपाचा तक्ता तयार होतो आणि तो कोणत्याही छापील तक्त्यापेक्षा आपल्याला जास्त उपयोगी पडतो. साली-बियांचे फळ असेल तर त्यांचा वाटा आधी वजा करायला विसरू नये.

दुसरा उपाय आर्किमिडीजच्या तत्त्वावर चालतो. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. मिलिलिटरच्या खुणा असलेल्या मोठ्या मापाच्या भांड्यात ५०० मिलिलिटर पाणी घ्यावे आणि त्यात अख्खे सफरचंद अलगद सोडावे. ते तळाला किंवा कडेला अडकून न राहता मोकळे तरंगत असेल, तर पातळी जितके मिलिलिटर वर चढली तितकेच ग्रॅम त्याचे वजन असते. फळ हाताने खाली दाबायचे नाही, कारण दाबले की आपण वजनाऐवजी आकारमान मोजू लागतो. द्राक्षांसारखे बुडणारे फळ असेल तर पातळीवरून त्याचे आकारमान कळते आणि त्याच्या अंगच्या साखरेमुळे खरे वजन त्याहून काही टक्क्यांनी जास्त निघते. स्वयंपाकाला एवढा अंदाज पुरेसा आहे. हे सारे अख्ख्या फळांवर करावे, चिरलेल्या फोडी पाण्यात टाकल्या तर त्यांचा रस पाण्यात उतरतो आणि मोजणी झाली तरी चव जाते.

आपल्या पुरवणीला माझी सूचना एवढीच आहे की, ताज्या फळाचे प्रमाण देताना निवडून उरलेल्या फळाचे ग्रॅममधील वजन मुख्य धरावे. कपाचे माप द्यायचेच असेल, तर ते सोबत 'सुमारे' म्हणून द्यावे आणि फळ अख्खे, चिरलेले, काप केलेले की गर केलेले, हे कपाच्या आकड्याला चिकटूनच लिहावे. जागेची अडचण मला ठाऊक आहे, पण येथे एकेका शब्दाचाच प्रश्न आहे. आणि छापलेल्या जॅमच्या कृतीपुरते बोलायचे, तर पुढील अंकात 'स्ट्रॉबेरी ५०० ग्रॅम (अख्खी सुमारे सव्वातीन कप, किंवा गर २ कप)' अशी दुरुस्ती प्रसिद्ध करावी. ज्यांनी ते पान कापून फ्रिजच्या दारावर लावले असेल, त्यांना निदान पेनाने तेवढे लिहून घेता येईल.

कळावे,
आपल्या पुरवणीची एक नियमित वाचक